बरोबर उत्तराला शून्य

"कोणी ठरवलं?"

हे विचारताना सर उजवा तळहात टेबलावर सपाट ठेवायचे. आपटायचे नाहीत, ठेवायचेच; पण असे ठेवायचे की शिक्षकखोलीतल्या सगळ्यांच्या कपातला चहा हलायचा. वह्या तपासता तपासता कुणी "किती अशुद्ध लिहितात हो ही मुलं" एवढं म्हणायचा अवकाश, सरांचा तळहात टेबलावर आलाच. अशुद्ध, हे कोणी ठरवलं?

पुढे पुढे त्या प्रश्नाची त्यांना सवयच जडली. गॅदरिंगचे पाहुणे उशिरा येणार आणि तोवर मुलं उन्हात बसणार, हे कोणी ठरवलं? चित्रकलेचा तास नेहमी गणितालाच द्यायचा, हे कोणी ठरवलं? आमचे हेडसर भित्रे आणि भले गृहस्थ. सर दारात दिसले की ते आधीच सांगून मोकळे व्हायचे, "मी नाही ठरवलं हो सर, वरून आलंय."

तुमच्याही कचेरीत, शाळेत असा एक माणूस असेल. त्याच्या रागाला सगळे हसतात, आणि त्याला राग येतो म्हणूनच तिथलं थोडंफार नीट चालतं.

आमची शाळा नाशकातल्या सिडकोत, अंबडच्या कारखान्यांच्या अलीकडे. मुलं कामगारांची. कुणाचं गाव सटाण्याकडे, कुणाचं कळवणकडे, कुणी पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून उतरून आलेलं. मी तिथं मराठी शिकवते. माझं माहेर नाशकातलंच. आमच्या घरात जे बोललं जायचं तेच पुस्तकात छापलेलं असायचं, त्यामुळे भाषेपायी मला कधी काही सोसावं लागलं नाही. सर बागलाणातले, सटाण्याकडचे. शाळेत ते जपून, पुस्तकातलं मराठी बोलत. पण राग चढला की त्यांच्या 'आहे'चं 'शे' व्हायचं. आणि मग ते चटकन इकडेतिकडे बघायचे, शर्टाचं बटण उघडं राहिल्याचं ध्यानात यावं तसे. ती नजर कसली, हे मला फार उशिरा कळलं.

एका जूनमध्ये पाचवीत हर्षाली नावाची मुलगी आली. वडील अंबडला एका वर्कशॉपमध्ये लागले म्हणून कुटुंब बागलाणातून आलेलं. दोन घट्ट वेण्या, तेल लावून चकचकीत. सुरुवातीला वर्गात सगळ्यात मोठा आवाज तिचाच होता. सर तिचे वर्गशिक्षक. बागलाणातलं बोलणं कानावर पडलं की त्यांचा चेहरा खुलायचा, पण तिच्याशी तेही पुस्तकातलंच बोलायचे.

त्या वर्षी परीक्षेचे पेपर शेजारच्या शाळेशी अदलाबदल करून तपासायचे, असं वरून आलं होतं. मराठीच्या पेपरात एक चित्र होतं: नळ, नळाखाली हंडा, बाजूला उभी बाई. चित्र पाहा आणि वाक्ये लिहा. बहुतेक मुलांनी आमच्याकडून घोकलेलं उतरवलं होतं. आई पाणी भरत आहे. पाणी हे जीवन आहे. पाणी जपून वापरावे.

हर्षालीनं लिहिलं होतं: "नळले पानी नही. हंडा रिकामा शे. माय वाट देखस."

तपासणाऱ्यानं तिन्ही वाक्यांवर लाल फुली मारली होती, बाजूला 'भाषा अशुद्ध' असा शेरा आणि खाली शून्य.

सरांनी तो पेपर माझ्यासमोर धरला. "मॅडम, चित्र बघा."

मी बघितलं. चित्रकारानं नळ काढला होता, पण पाण्याची धार काढायची राहून गेली होती. नळ कोरडा होता. सगळ्या वर्गानं त्या कोरड्या नळातून पाणी भरलं होतं.

"चित्र पाहा, असं म्हटलंय ना? मग पाहिलं कोणी?" सरांचा आवाज चढला. "हिनंच पाहिलं! बाकीच्यांनी पाठांतर लिहिलं, त्यांना पैकीच्या पैकी. जिनं डोळे उघडून पाहिलं तिला शून्य. हाई काय न्याय शे?"

तो पेपर घेऊन ते हेडसरांकडे गेले. मीही मागोमाग गेले, कारण हेडसरांना रक्तदाबाचा त्रास होता. हेडसर म्हणाले, तपासणाऱ्यांनी नियमानं तपासलंय, प्रमाणभाषेचे गुण असतात. सर म्हणाले, आणि बघण्याचे गुण? हेडसर म्हणाले, त्याचा रकाना नाही. यावर सर जे बोलले ते मैदानात खो-खो खेळणाऱ्या मुलांनीसुद्धा ऐकलं. शेवटी हेडसर काकुळतीला आले.

"सर, ओरडून काय होणार? तुमचं म्हणणं लिहून काढा. शिक्षकांचं चर्चासत्र आहे पुढे. शोधनिबंध लिहा, तिथं वाचा. वरच्या लोकांच्या कानावर जाईल."

सर थांबले. "लिहितो," म्हणाले.

हेडसरांना वाटलं, सुटलो.

शून्याचा परिणाम मात्र शून्यावर थांबत नाही. हर्षालीचं नाव अप्रगत मुलांच्या गटात गेलं. त्या गटाला शेवटच्या तासाला वेगळं बसवून मुळाक्षरं गिरवायला लावत. जिला वाक्यं लिहिता येत होती तिनं क ख ग गिरवायचं! सरांनी विरोध केला, पण गट गुणांवरून पडत होते. मुलीनं कुणाशी भांडण केलं नाही. तिनं फक्त बोलणं बंद केलं. हजेरीला हात वर करायची. पेपर कोरा द्यायची.

एकदा तिची आई आली. कामावरून थेट आलेली, पदर खोचलेला. सरांच्या समोर उभी राहून हळूच म्हणाली, "सर, पोर घरमा बी बोलत नही. आमनी भाषाच खराब शे का?"

सरांनी "नाही हो ताई, नाही" असं काहीतरी म्हटलं. ती गेल्यावर ते बराच वेळ फळा पुसत राहिले. फळ्यावर काही नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा राग, एवढं खरं कारण. निबंध आठवड्यात झाला असेल. तीच तर गंमत. ज्या माणसाला बोलताना कधी शब्द शोधावा लागला नाही, त्याला कागदावर पहिलं वाक्य सापडेना.

पहिला प्रयत्न त्यांनी मला दाखवला तेव्हा त्यात आदिमानव होता. मानवाला वाचा कशी लाभली, इथून सुरुवात. दोन पानं झाली तरी माणूस गुहेतच होता. मी म्हटलं, "सर, हर्षाली कुठाय?" म्हणाले, "येईल ना, आधी पाया नको का घालायला?" पुढच्या खेपेला संतांनी लोकभाषेचा पुरस्कार केला इथून सुरुवात झाली. त्यानंतर 'प्रस्तुत शोधनिबंधात' अशी. 'प्रस्तुत' लिहिलं की पुढे हात चालत नाही, अशी त्यांची तक्रार. "सासऱ्याच्या पंक्तीला बसल्यासारखं वाटतं. घास घशाखाली उतरत नाही."

आमच्या शाळेतला एक तरुण शिक्षक म्हणाला, सर, कशाला त्रास घेता, मोबाईलला सांगा. त्यानं तिथल्या तिथं प्रस्तावना काढूनसुद्धा दिली. 'भाषा हे मानवी संवादाचे प्रभावी माध्यम असून...' सरांनी चष्मा लावून सगळी वाचली. मग विचारलं, "याला ती पोरगी माहीत आहे का?" तरुण शिक्षक हसला. सर हसले नाहीत.

माझ्या ओळखीचे शिक्षणशास्त्राचे एक प्राध्यापक होते. शोधनिबंधांच्या बाबतीत त्यांचा शब्द मानत. मी सरांना त्यांच्याकडे घेऊन गेले. प्राध्यापकांनी पाणी दिलं आणि विचारलं, "गृहीतक काय?"

सर म्हणाले, "गृहीत काही नाही. झालंय ते."

"बरं, नमुना किती? म्हणजे किती विद्यार्थी?"

"एक मुलगी."

प्राध्यापक मंद हसले. "सर, एकावर पेपर होत नाही."

सरांचा तळहात त्या काचेच्या टेबलावर आला. "मग किती पोरं मुकी झाली म्हणजे होतो?"

प्राध्यापकांनी घड्याळाकडे पाहिलं. परतताना रिक्षात सर माझ्यावरच चिडले, कशाला आणलंत म्हणून. पण ते बोलणं त्यांच्या मनाला लागलं होतं. दुसऱ्या आठवड्यापासून रविवारी ते स्कूटर काढू लागले. आज कळवणच्या बाजूला, पुढच्या रविवारी सुरगाण्याच्या. ओळखीच्या गुरुजींना गाठायचं, मुलांचे जुने पेपर मागायचे, लाल फुल्या उतरवून घ्यायच्या. गठ्ठे घरी येऊ लागले. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, मला म्हणाल्या, "दिवाणावर फुल्याच फुल्या झाल्यात. पाहुण्यांना बसवू कुठं?"

असा ढीग जमला की मागं वळायला वाव राहत नाही, असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. जितकं जमे तितकी सुरुवात लांबे. आता अजून थोडं वाचतो. आता पेठचा भाग राहिलाय. एक चर्चासत्र होऊन गेलं, सरांचा निबंध नव्हता. त्या वर्षी सहावीत गेलेली हर्षाली वर्षभर खिडकीशी बसून राहिली.

आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. आईनं तिला गावी आजीकडे ठेवलं होतं, असं शेजारच्या मुलीकडून कळलं. इथं पोरीचं मन लागत नाही, म्हणाली म्हणे.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर सर रिकाम्या वर्गात बसलेले दिसले. समोर कागद. मी आत गेले. त्यांनी कागद झाकला नाही, उलट माझ्याकडे सरकवला. एकेक वाक्य तीन-तीनदा लिहिलेलं आणि खोडलेलं. 'शे' खोडून 'आहे'. 'आहे' खोडून 'होय'. शेवटी सगळ्यावर आडवी रेघ. पान बघून मला तो पेपरच आठवला. फुल्या तशाच, हात सरांचा.

"मॅडम, लिहायला बसलं की आमचे गुरुजी मागं येऊन उभे राहतात," सर म्हणाले. "चौथीत होतो. शे म्हटलं की पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारायचे. रोज. मी मार चुकवायला शिकलो. आधी मनात बोलायचं, तपासायचं, मग तोंड उघडायचं. पन्नाशी उलटली, अजून तपासतोय. त्या पोरीसाठी लिहायला निघालो आणि दोन वर्षं स्वतःचीच वही तपासत बसलो. आता पोरगी गेली. कोणासाठी लिहू?"

मला अतिशय राग आला. त्या गुरुजींचा आला, त्या फुलीचा आला, 'प्रस्तुत'चा आला आणि खरं सांगायचं तर सरांचाही आला.

"सर," मी म्हटलं, "हेडसरांच्या खोलीत त्या दिवशी पहिलं वाक्य काय बोललात?"

"काय बोललो? एका पोरीनं बरोबर उत्तर लिहिलं आणि तिला शून्य दिलं. हेच बोललो."

"मग तेच लिहा."

"असं? एकदम?" ते खरोखर दचकले. "शोधनिबंध असा सुरू होत नाही, मॅडम."

"कोणी ठरवलं?"

मी मुद्दाम म्हटलं नव्हतं. इतकी वर्षं ऐकून ऐकून तोंडातून निघालं. सरांनी नवा कागद घेतला, पेनाचं टोपण काढून खिशाला लावलं आणि ते वाक्य लिहिलं. पूर्णविराम दिला आणि खोडलं नाही. त्याखाली हर्षालीची वाक्यं लिहिली, जशीच्या तशी. मी शिपाईमावशींना सांगितलं, हा वर्ग आज शेवटी झाडा.

पंधरवड्यात निबंध पुरा झाला. रविवारी जमवलेल्या सगळ्या फुल्या आपापल्या जागी जाऊन बसल्या. कुठल्या भागात मुलं काय लिहितात, त्यातलं अर्थानं बरोबर किती, त्यावर शेरे कोणते, नंतर त्या मुलांचं काय झालं. प्राध्यापकांना हवा होता तो नमुनाही त्यात होता. पण सुरुवात त्या एका मुलीपासूनच.

पुढच्या चर्चासत्रात सरांचा क्रमांक जेवणाच्या आधीचा, म्हणजे सगळ्यांचं लक्ष वासाकडे. अध्यक्षांनी मध्येच घंटी वाजवली. सर थांबले नाहीत. शेवटी एक बाई उठून म्हणाल्या, "म्हणजे आता आम्ही अशुद्ध शिकवायचं का?"

"प्रमाणभाषा शिकवा ना, बाई. मीही तीच शिकवतो," सर म्हणाले. "पण पोराला आधी घरात तर घ्या. उंबऱ्यातच थोबाडीत मारली तर ते आत कशाला येईल?"

कुणीतरी मागून टाळी वाजवली. अध्यक्ष समारोपात म्हणाले, निबंध तळमळीचा आहे, थोडा भावनिक आहे. पण निवडक निबंधांच्या पुस्तकात तो घेतला, हे खरं. सर खूश होते. वहिनींनी शिक्षकखोलीत पेढे पाठवले.

पुस्तक आलं ते काही महिन्यांनी. गुळगुळीत कव्हर, आत सरांचं नाव. मीच आधी उघडलं. पहिलं वाक्य जागेवर होतं. एका मुलीने बरोबर उत्तर लिहिले आणि तिला शून्य दिले. आणि त्याखाली छापलं होतं: 'नळाला पाणी नाही. हंडा रिकामा आहे. आई वाट पाहत आहे.'

मला आधी कळलंच नाही. मग मी पानं उलटली. सुरगाण्याची वाक्यं, पेठची, कळवणची, सगळी धुऊन पुसून प्रमाणभाषेत. ज्या वाक्यांसाठी हा माणूस रविवारचे रविवार उन्हातान्हात हिंडला, त्यातलं एकही शिल्लक नव्हतं. कुणीतरी निष्ठेनं, मन लावून निबंध शुद्ध केला होता. आता वाचणाऱ्याला एवढंच दिसणार की अस्सल पुस्तकी मराठीला शून्य मिळालं म्हणून एक मास्तर पानंच्या पानं ओरडतोय.

मी सरांच्या टेबलाकडे बघितलं. कप हलले नाहीत. तेच मला सहन झालं नाही. आयोजकांना फोन मीच केला. समोरचे संपादक मनापासून चकित झाले. "मॅडम, उलट आमच्या मुद्रितशोधकांनी मेहनत घेतलीय. इतक्या चुका होत्या! तशाच गेल्या असत्या तर सरांचंच हसं झालं असतं." मी पुष्कळ बोलले. पुढच्या आवृत्तीत बघू, म्हणाले. अशा पुस्तकांना पुढची आवृत्ती नसते, हे त्यांनाही माहीत होतं, मलाही.

सरांनी शाळेला आलेल्या प्रती घेतल्या आणि काळ्या शाईच्या पेनानं प्रत्येक प्रतीत मुलांची वाक्यं पुन्हा लिहिली. छापील ओळ खोडायची नाही, शेजारच्या समासात खरी ओळ लिहायची. हेडसर दारातून बघून गेले. एक प्रत प्राध्यापकांकडे गेली, एक शिक्षणखात्यात. उत्तर कुठूनच आलं नाही.

एक प्रत घेऊन सर हर्षालीच्या गावी गेले होते. त्यांनी मला सांगितलं ते इतकंच: "आजीनं चहा दिला. पोरगी दाराआड उभी होती. फटीतून पाय दिसत होते. मी पुस्तक कट्ट्यावर ठेवून आलो."

त्यानंतरच्या मे महिन्यात सर निवृत्त झाले आणि गावी राहायला गेले. गेल्या थंडीत ते वारले. मला कळलं तेव्हा दहावा होऊन गेला होता.

ते मला आठवतात ते निरोपसमारंभातले. शाळेच्या पटांगणात मांडव. पुढे आम्ही शिक्षक, मागे पालक, बाजूला उभ्या शिपाईमावशी. प्रमुख पाहुणे सरांना ओळखत नव्हते. कुणीतरी हातात दिलेला कागद बघून बोलत होते. म्हणाले, "सरांनी आयुष्यभर शुद्ध मराठीचा आग्रह धरला, विद्यार्थ्यांच्या जिभेला वळण लावलं." मी हेडसरांकडे बघितलं. हेडसर जमिनीकडे बघत होते. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. हसू आवरायला की काय, ते मला कळलं नाही.

सर उठले. खांद्यावर शाल, हातात नारळ. नारळ त्यांनी पाहुण्यांच्या पुढ्यात ठेवला आणि माईक हातात घेतला. मला वाटलं, आता स्फोट होणार. सर शांतपणे म्हणाले, "आते मी मन्ही मायनी भाषामा बोलसू."

आणि ते बोलू लागले. मागच्या रांगांतून आधी एक हसू आलं, मग शिट्टी, मग पालक उठून पुढे सरकू लागले. सर इतके भरभर, इतके सैल मी कधी ऐकले नव्हते. ते मध्ये थांबत नव्हते, इकडेतिकडे बघत नव्हते. शाल खांद्यावरून घसरली, त्यांनी ती उचललीही नाही. बायका हसत होत्या, मग डोळे पुसत होत्या, मग पुन्हा हसत होत्या. पुढच्या रांगेत आम्ही सगळे शिकलेसवरलेले चेहरे ताठ करून बसलो होतो. मला निम्मं कळत नव्हतं. सगळे कशाला हसले ते कळेना, कुठं टाळी वाजवायची ते कळेना. इतकी वर्षं मराठी शिकवून मी त्या मांडवात मुकी बसले होते.

शेवटी न राहवून मी बाजूला उभ्या मावशींचा हात धरला आणि विचारलं, "मावशी, काय म्हणाले सर?"

मावशींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात सोडवून घेतला, तोच हात वर करून मला गप्प केलं आणि म्हणाल्या, "थांबा हो मॅडम. ऐकू द्या."